मामाच्या खुर्चीत नव्वद मिनिटं

तो क्लब कुठला आणि गाव कुठलं, हे मी लिहिणार नाही. रीडिंगहून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर आहे, एवढं पुरे. पुढे येणाऱ्या कॉलिनचं खरं नावही कॉलिन नाही. माझ्या वसंतमामाची राखीव जागा तिथल्या मैदानाच्या स्टँडमध्ये अजून शाबूत आहे आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा आहे. इंग्लंडात मराठी कोण वाचतंय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लंडनमधल्या हॅरोच्या किराणा दुकानात रांगेत उभं राहून बघावं.

आता ओहायोत राहणाऱ्या आम्ही मायलेकी फुटबॉल बघायला इंग्लंडपर्यंत कशाला गेलो, ते आधी सांगते. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पेठापेठांचे, तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी दोन पेठांतले व्याही एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या लहानपणी मुलींनी मात्र मैदानाकडे फिरकायचं नाही. मी मैत्रिणीच्या गच्चीवरून सामने बघितले, आणि दोन बोटं जिभेखाली घालून शिट्टी मारायला त्याच गच्चीवर शिकले. लग्न होऊन अमेरिकेत गेले तर तिथे सगळं उलटं. फुटबॉल म्हणजे तिसराच काहीतरी धक्काबुक्कीचा खेळ, आणि आपल्या फुटबॉलला म्हणायचं सॉकर. तो आमच्या गावात मुलांच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर जास्तच, मुली खेळतात. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या टाकून आया बसतात. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटल्या जातात, त्या दोन्ही संघांना. दोन्हीकडचे पालक एकाच कडेला मिसळून बसतात आणि समोरच्या संघाच्या मुलीने चांगला फटका मारला तर तिलाही टाळ्या वाजवतात.

माझी लेक रेवा सातव्या वर्षापासून गोलकीपर आहे. आमच्या लीगमध्ये मोसमात एक ‘सायलेंट सॅटर्डे’ असतो. त्या दिवशी पालकांनी अवाक्षर काढायचं नाही, म्हणून दारातच प्रत्येकाला एकेक लॉलीपॉप देतात, तो तोंडात धरून बसायचं. त्या शनिवारी सलग दोन वर्षं मला शिट्टी मारल्याबद्दल पार्किंगमध्ये पाठवलं होतं. हे रेवा कधी विसरली नाही.

बाकीचे शनिवार आमच्याकडे टीव्हीसमोर सुरू व्हायचे. सकाळी पावणेआठला इंग्लंडमधली मॅच लागायची आणि रेवा पोह्यांची बशी घेऊन जमिनीवर बसायची. तिचा संघ लाल शर्टवाल्यांचा, कारण त्यांचा गोलकीपर अमेरिकन होता, आमच्याच राज्यातला. अमेरिकेत सॉकर बघतंय कोण, असं विचारणाऱ्यांना मी त्या वेळी आमच्या घरी बोलवायला हवं होतं. शाळेचं शेवटचं वर्ष, मार्चमधली सुट्टी, आणि त्याच आठवड्यात लालवाले खेळणार कुठे, तर वसंतमामाच्या क्लबाच्या मैदानावर! मी विमानाची तिकिटं काढून मोकळी झाले.

गुरुवार: हीथ्रो ते रीडिंग

हीथ्रोवर खिडकीतल्या साहेबांनी कशासाठी आलात म्हणून विचारलं. रेवा म्हणाली, “फुटबॉल मॅच.” त्यांनी आमच्या निळ्या पासपोर्टांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि गालातल्या गालात हसत म्हणाले, “सॉकर म्हणायचंय का, डिअर?” शिक्का मारला गेला, पण रेवाचे कान लाल झाले.

“आई, त्याला वाटते आपल्याला काहीच नाही कळत,” ती बसमध्ये बसल्यावर म्हणाली.

“थट्टा केली गं त्यांनी.”

“It's always a थट्टा.”

मामाचं घर रीडिंगमध्ये एका शांत गल्लीत आहे. मामीने परसातल्या कुंड्यांत मेथी लावली होती, ती थंडीने मान टाकून पडली होती. मामा दारात कुबडीवर उभा. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झाले होते, म्हणून शनिवारी तो येऊ शकत नव्हता. त्याचं कार्ड आणि मुलाचं कार्ड, अशी मोसमभर जागा राखणारी दोन कार्डं त्याने टेबलावर काढूनच ठेवली होती. मुलगा अजित नोकरीसाठी स्कॉटलंडला गेला, तरी मामाने त्याची जागा सोडलेली नाही.

शुक्रवार: मामाचे नियम

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही मासे आणि चिप्स घेतले. चिप्स म्हणजे जाड, मऊ बटाट्याच्या फोडी. त्यावर इथे व्हिनेगर ओततात, आणि गरम असताना ते खरोखर छान लागतं. दुकानदार गप्पिष्ट होता. रेवा गोलकीपर आहे म्हटल्यावर म्हणाला, “तुमच्याकडे सॉकर मुलीच खेळतात ना? तरीच तुमच्या माणसांना जमत नाही!” आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्याने मूठभर चिप्स जास्त टाकले. रेवाने एकाही चिपला हात लावला नाही. मीच सगळे खाल्ले. रागाच्या भरात मला भूक जास्त लागते.

चहा झाल्यावर मामाने आम्हाला समोर बसवलं. तीस वर्षं इंग्लंडात काढली तरी गडी बोलतो तो पेठेतलाच.

“आता नीट ऐकायचं. तिथं दोन्हीकडची माणसं एकत्र बसत नाहीत. लालवाल्यांना पलीकडचा कोपरा. त्यांची तिकिटं तुम्हाला मिळाली नाहीत, ती फक्त त्यांच्या मेंबरांना. तुम्ही बसणार आमच्यात. तिथं लाल रंग अंगावर चालत नाही. त्यांच्यासाठी टाळी नाही, हूं नाही, चूं नाही.”

“ओरडलं तर काय होते?” रेवाने विचारलं.

“स्टुअर्ड येतात आणि बाहेर काढतात. ते जाऊ दे. पण कार्ड माझं हाय. पुढच्या रांगेतल्या एकानं मागच्या सीझनला मेव्हण्याला कार्ड दिलं. मेव्हणा समोरच्यांच्या गोलला उठला. क्लबाचं लेटर आलं, कार्ड कॅन्सल. कायमचं.”

मामी आतून म्हणाली, “आणि ती जागा गेली तर मला हे चोवीस तास घरात झेपायचे नाहीत.”

आम्ही हसलो. मामा हसला नाही. तो या देशात आला तेव्हा पहिली नोकरी त्याच गावात लागली होती. त्या काळी स्टँडमध्ये काळासावळा माणूस दिसला की लोक काय काय ओरडायचे, ते त्याने रेवासमोर सांगितलं नाही, मला आईकडून माहीत होतं. एकदा त्याच्या अंगावर गरम चहा टाकला होता. तेव्हा कॉलिन नावाच्या छपाई कामगाराने त्याला आपल्या रांगेत ओढून घेतलं, आणि तेव्हापासून मामा त्या रांगेतला झाला. मामाचा मित्र म्हणावा असा या देशात मला तरी दुसरा कोणी दिसला नाही. सहा माणसं एक आड एक शनिवारी त्याला ‘वॅस’ म्हणून हाक मारतात, एवढाच त्याचा गोतावळा.

“मी बघते हिच्याकडे,” मी मामाला म्हणाले. “तू काळजी करू नकोस.”

रेवाने माझ्याकडे असं काही बघितलं की मला पार्किंग आठवलं.

शनिवार: स्टँडमध्ये

निघताना मामाने रेवाच्या केसांचं लाल रबर काढून घेतलं आणि मामीचं काळं दिलं. ट्रेन मामाच्या क्लबाच्या निळ्या मफलरांनी भरली होती. स्टेशनच्या बाहेर लालवाल्यांचा एक जथा उतरला, तर त्यांच्या दोन्ही बाजूंनी पोलीस चालत होते आणि घोड्यांवर बसलेले दोघे मागून येत होते. खेळ बघायला आलेल्या माणसांना असं नेताना मी अमेरिकेत कधी बघितलं नव्हतं. कोल्हापुरात मात्र बघितलं होतं.

फिरत्या दारापाशी अंग चाचपत होते. रांगेत उभं असताना रेवा माझ्या कानाशी आली.

“आई, माझा एक चूक झाला आहे.”

“काय?”

तिने कोटाची चेन चार बोटं खाली केली. आत हिरवा शर्ट. लाल संघाच्या गोलकीपरचा, छातीवर त्यांचं चिन्ह आणि पाठीवर त्याचं नाव.

मला तिला तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली. मागे वळायला जागा नव्हती. “गळ्यापर्यंत ओढ ती चेन,” मी दातांतल्या दातांत म्हणाले, “आणि मेलीस तरी खाली करू नकोस.” तपासणाऱ्या बाईने वरवर हात फिरवून आम्हाला आत सोडलं. आत गेल्यावर रेवाने खिशातून एक लॉलीपॉप काढून माझ्या हातात ठेवला. “सायलेंट सॅटर्डे,” ती म्हणाली. ओहायोहून आणला होता म्हणे.

मामाची जागा गोलच्या मागे, बाराव्या रांगेत. शेजारी कॉलिन. सत्तरीचा, मोठ्या पंजांचा, टोपीत पांढरे केस कोंबलेला माणूस. त्याने आधी वॅसच्या गुडघ्याची चौकशी केली. मग आम्हाला दोन पाय आणून दिले. पाय म्हणजे मांसाचं सारण भरलेली कचोरीच म्हणा, फक्त आतला रस जीभ भाजतो. “अमेरिकेतून आलात?” तो म्हणाला. “काही कळलं नाही तर मला विचारा. मी समजावून सांगीन.”

रेवा म्हणाली, “थँक यू.” एवढंच.

खेळ सुरू झाला. लालांचा कीपर पहिल्या अर्ध्यात पलीकडच्या टोकाला होता, तरी आमच्या स्टँडमधून त्याच्या नावाने गाणी चालली होती. घरी जा, बेसबॉल खेळ, तुला इथे कोणी बोलावलं, असा सगळा मजकूर. मधले काही शब्द मी इथे लिहू शकत नाही. रेवा समोर बघत होती आणि तिच्या जबड्याचं हाड हलत होतं. एकदा निळ्यांचा पुढचा खेळाडू चेंडू घेऊन सुटला, सगळा स्टँड उभा राहिला, आणि त्या गोंगाटात ती पुटपुटली, “ऑफसाइड.” क्षणभराने लाइन्समनचा झेंडा वर गेला. कॉलिनने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

मध्यंतरात पुढच्या रांगेतला एक तांबड्या मानेचा माणूस दोनदा मागे वळून आमच्याकडे बघून गेला. थंडी असली तरी ऊन पडलं होतं, सगळ्यांनी कोट मोकळे सोडले होते आणि रेवा मात्र हनुवटीपर्यंत बंद. मी लॉलीपॉप तोंडात घातला.

दुसऱ्या अर्ध्यात कीपर आमच्यासमोर आला. टीव्हीवर इतकी वर्षं बघितलेला माणूस वीस पावलांवर, हातमोज्यांवर थुंकताना दिसत होता. गोल कोणाचाच नव्हता. शेवटची दहा-बारा मिनिटं उरली असताना लालांच्या एकाने निळ्यांच्या खेळाडूला आडवा केला. पेनल्टी. सबंध स्टँड आधीच गोल झाल्यासारखा नाचायला लागला.

इथे मला एक सांगायलाच हवं. गोलकीपरच्या आईला पेनल्टी साधी बघता येत नाही. दहा वर्षं मी रेवाच्या पेनल्टी बघितल्या आहेत. त्या वेळी मैदानावर आपलं पोर एकटं असतं, बाकी सगळे बाजूला झालेले असतात. तो पोरगा गोलमध्ये उभा राहिला, हात पसरले, गुडघे किंचित वाकवले, अगदी रेवा वाकवते तसे, आणि मी मामा विसरले, कार्ड विसरले, मी कुठे बसले आहे तेही विसरले.

फटका बसला. तो डावीकडे झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला.

आमच्या स्टँडमधली हजारो माणसं एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत एक शिट्टी वाजली, लांबलचक, कोल्हापूरच्या गच्चीवरची. मी उभी होते. दोन बोटं तोंडात होती, आणि लॉलीपॉप दुसऱ्या हातात कधी आला ते मला आजही आठवत नाही.

तांबड्या मानेचा माणूस वळला. “हे त्यांचे आहेत! मी मघाशीच म्हणालो होतो. बाहेर काढा यांना!” आजूबाजूचे पाच-सहा जण उठले. पिवळं जाकीट घातलेला स्टुअर्ड पायऱ्या उतरत येताना दिसला.

“कार्डं दाखवा,” स्टुअर्ड म्हणाला. मी दिली. त्याने मामाचं नाव आणि खुर्चीचा नंबर मोठ्याने वाचला. “तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“त्या पोरीचा कोट उघडून बघा,” तांबडी मान म्हणाली. “मघापासून आवळून बसलीय.”

मी डोळे मिटले. आणि मग रेवाचा आवाज ऐकला. तिचा नव्हताच तो. शाळेतल्या चिअरलीडर मुली बोलतात तसा, नाकातला, लाडिक, ओढून ताणलेला.

“ओ माय गॉड, आय ॲम सो सॉरी! Mom, sit down! ते आपले नाहीत! आपले blue!” मग स्टुअर्डकडे वळून, डोळे मोठे करून, “आम्ही ओहायोचे. आमच्याकडे कोणीही बॉल अडवला की क्लॅप करतात. त्याला किती पॉइंट्स मिळाले? आणि अजून किती क्वार्टर राहिले?”

मग मागच्या रांगेत एक जण फिस्सकन हसला. “क्वार्टर!” दुसरा म्हणाला, कारण क्वार्टर आणि टचडाउन असतात ते अमेरिकेतल्या त्या धक्काबुक्कीच्या खेळात. हसू रांगेरांगेने पसरत गेलं. कोणीतरी रेवाला विचारलं, टचडाउन कधी होणार? तर ती म्हणाली, “होईल ना?” आणि पुन्हा सगळे हसले. ज्या पोरीने हीथ्रोपासून एकही थट्टा सहन केली नव्हती, ती स्वतःच्या तोंडाने स्वतःची थट्टा करत होती, चेन गळ्याशी घट्ट धरून. त्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

कॉलिन उभा राहिला. “वॅसची भाची आहे ही. अमेरिकन आहेत, त्यांना काय कळतंय? पोरीला थंडी वाजतेय, सोडा तिला.” स्टुअर्डने कार्डांकडे एकदा, माझ्या हातातल्या लॉलीपॉपकडे एकदा बघितलं. कार्डं परत दिली. “मॅडम, टाळ्या निळ्यांना,” म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

उरलेली मिनिटं मी मांडीवर हात दाबून बसले. कोणाचाच गोल झाला नाही. खेळ संपल्यावर तो कीपर पळत पलीकडच्या कोपऱ्यात आपल्या लोकांना टाळ्या द्यायला गेला. रेवाला त्याची पाठ दिसली, आणि तिला हातही हलवता आला नाही.

निघताना कॉलिन तिच्याकडे वाकला. “ऑफसाइड तुला लाइन्समनच्या आधी दिसला होता,” तो हळूच म्हणाला. “स्टेशन येईपर्यंत चेन वरच असू दे, लव्ह.”

शनिवार संध्याकाळ: रीडिंग

ट्रेनमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, “तू ओरडली, आणि stupid मला व्हायला लागले.”

“हो.”

“मी त्यांच्यापेक्षा जास्त ओळखते हा गेम.”

“माहीत आहे मला.”

“They'll remember me like that. Forever.”

मी तिची माफी मागितली. सतरा वर्षांत पहिल्यांदा, सरळ शब्दांत, कुठलंही ‘पण’ न लावता. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. कोट तसाच बंद होता.

मामीने तांबडा रस्सा केला होता. ताटं वाढून होईपर्यंत मी थांबले आणि मग सगळं सांगितलं, शिट्टीपासून क्वार्टरपर्यंत. मामा मला झापेल, याची मी तयारी ठेवली होती. तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिला.

“मी पण तेच केलं होतं,” तो म्हणाला.

आम्हाला कळलं नाही. मामी मात्र जेवायची थांबली.

“तालमीकडनं आठ वर्षं खेळलो मी, उजव्या कडेनं. राइट आउट. आणि त्या रांगेत आलो तेव्हा कॉलिननं विचारलं, तुमच्या देशात हा गेम आहे का? सगळे बघत होते. मला वाटलं, हो म्हटलं तर म्हणतील, हा आम्हाला शिकवायला आला. नाही म्हणालो. मग त्यानं पबात मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून मला ऑफसाइड शिकवला. दोन तास. मी मान डोलवत बसलो. नंतर सांगायचं राहूनच गेलं. तीस वर्षं.”

“आजोबा, that's terrible,” रेवा म्हणाली.

“हाय खरं.” त्याने तिच्याकडे बघितलं. “जागा वाचवलीस पोरी. उपकार झाले. पण परत असं करायचं नाही. त्या खुर्चीसाठी पण नाही.”

मग त्याने कुबडी घेतली, उठला आणि हॉलमधल्या फोनपाशी गेला. आम्हाला त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. इंग्रजीत तो एकेक शब्द सावकाश टाकत होता.

“कॉलिन, वॅस. माझी नात. ती गोलकीपर आहे. दहा वर्षं. हो, तिला सगळं कळतं. कोटाच्या आत काय होतं तेही सांगतो.” त्याने सांगितलं. मामीने कपाळाला हात लावला. “आणि अजून एक. मी पण खेळायचो. राइट आउट. आठ वर्षं.”

ही जागा मामाने आता स्वतःच्याच हाताने घालवली, असं मला वाटलं. मग मामा म्हणाला, “हो, मीठ आणि मिरी. आठवतंय मला. सॉरी, कॉलिन.” आणि थोड्या वेळाने, “बरं. विचारतो तिला.”

त्याने फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं.

“रेवा, तो विचारतोय, पोरगा डावीकडेच झेपावणार हे तुला आधी कळलं होतं का? कॉलिनला स्वतःला काही कळलं नव्हतं म्हणतो.”

“Yes,” रेवा म्हणाली. “मारणाऱ्याचा उभा पाय बघायचा असते, तो वळते तिकडे बॉल जाते. मी सांगते त्याला.” तिने कोटाची चेन सर्रकन खाली ओढली, कोट खुर्चीवर टाकला आणि हिरव्या शर्टातच फोन घ्यायला गेली.